बैलाचं मुसकं, मायचं फडकं

2020 च्या एप्रिलात मी मायच्या हातात निळा, तीन पदरी मास्क ठेवला. ती तेव्हा 82 वर्षांची होती. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, नाकावरची तार चाचपली, कानाच्या दोऱ्या ताणून पाहिल्या आणि म्हणाली, "हे तं मुसकं व्हय!"

मी हसले. ती हसली नाही. "बैलाले मुसकं मालक बांधतो. आमचं आमीच बांधलं," एवढं म्हणून तिनं मास्क उशीखाली सरकवला आणि पदर नाकावर ओढून घेतला.

मी 30 वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तह, लढाया, गव्हर्नर जनरल, सगळं पोरांकडून घोकून घेतलं. आमच्या पिंप्राळ्याच्या घरात दाराआडच्या खुंटीला एक फडकं वर्षानुवर्षं टांगलेलं असायचं, त्यालाही इतिहास आहे हे मात्र निवृत्त झाल्यावर सुचलं. उशिरा सुचलं, कारण ज्यांना विचारायचं त्यांतल्या बऱ्याच जणी तोवर गेल्या होत्या. माय होती, तिला विचारून घेतलं. बाकीचं वाचून जुळवलं.

पिंप्राळा म्हटलं की लोकांना आषाढी एकादशीचा रथ आठवतो. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. पण गाव एकेकाळी जळगावपासून वेगळं होतं आणि मधे रेल्वेचे रूळ होते. आता पिंप्राळा महापालिकेत आहे, फाटकाच्या जागी उड्डाणपूल आहे. मायच्या दिवसात मात्र जिनात जायचं म्हणजे रूळ ओलांडून जायचं. पहाटे बायकांचा घोळका निघायचा. हातात भाकरीचं गाठोडं आणि गळ्यात सैल गाठ मारलेलं फडकं. जिनाच्या दारात पोचलं की ते फडकं नाकावर चढायचं.

जीन म्हणजे कापसातून सरकी काढण्याचा कारखाना, हे खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी. माय 1965 ते 1990 अशी 25 वर्षं तिथं होती. हंगाम दसऱ्याच्या सुमारास लागायचा आणि होळीच्या पुढेमागे संपायचा. कापूस गाडीतून ढिगावर पडायचा. बायका त्यातली कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पालापाचोळा वेचून काढायच्या, टोपल्या भरून यंत्रांवर टाकायच्या, पलीकडे पडलेली रुई प्रेसच्या खोलीकडे न्यायच्या. यंत्राला दोन रूळ असतात, त्यांवर चामड्याच्या चकत्या घट्ट बसवलेल्या. रूळ कापूस ओढतो, सुरी सरकी अडवते, रुई पुढे निघते. हे चालू असताना रुळाचं चामडंही झिजत असतं. क्रोमनं कमावलेल्या त्या चामड्याची पूड रुईच्या धुळीत मिसळते. बायकांना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की नाक शिंकरलं की काळं येतं.

ते फडकं मी लहानपणी धूत असे, म्हणून त्याच्याबद्दल खात्रीनं सांगू शकते. जुन्या लुगड्याचा काठ सोडून मधला मऊ भाग फाडायचा, हातभर रुंद, दोन हात लांब. नवं कापड चालत नाही, खळ असते, श्वास अडतो. आधी पदर डोक्यावरून कानांमागे घट्ट खोचायचा. मग फडकं नाकाच्या दांडीवरून घेऊन मागे अंबाड्याखाली गाठ मारायची. उरलेली टोकं पुन्हा हनुवटीखालून फिरवून दुसरी गाठ. संध्याकाळी माय ते सोडून माझ्याकडे टाकायची. बाहेरच्या बाजूला रुईचा पांढरा थर बसलेला असे, बोटानं सोलून काढता येईल असा. आतल्या बाजूला, नाकपुड्यांच्या जागी, दोन मातकट ओले ठिपके. बाहेरचा थर झटकला की जायचा. ते दोन ठिपके साबणानंही पुरते जात नसत. रुई फडक्यानं अडवली होती. ठिपके ज्याचे होते ते आत गेलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त चोळत राहिले.

जिनाच्या आधी खानदेशात सरकी काढत नव्हते असं नाही. घरोघर लोढणं होतं. दोन छोटे रूळ, एक दांडा, अंगणात बसून बाई फिरवायची. धूळ तेव्हाही उडायची, पण उघड्यावर उडायची आणि वाऱ्यानं जायची. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि इकडे भाव आभाळाला भिडले. त्याच दशकात रेल्वे आली. जळगाव हे साधं गाव कापसाची पेठ झालं. वाफेवरची जिनं आली, प्रेस आले, पुढं खानदेश मिल उभी राहिली. ती गिरणी कधीच बंद पडली, तिच्या जागेवर आता दुकानांचा झगमगाट आहे. लोढण्याचं काम अंगणातून पत्र्याच्या शेडमध्ये गेलं, आणि धूळ शेडमध्येच राहिली. माझ्या मते नाकाला रोजचं, कामाचं म्हणून फडकं बांधण्याची सुरुवात खरी तिथं झाली.

त्या शेडमध्ये काय चालायचं याचा कागद उपलब्ध आहे. मुंबई सरकारनं 1884 मध्ये कारखान्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमलं, 1885 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात खानदेशातल्या जिनांबद्दल साक्षी आहेत. कामाला बहुतेक बायका. पहाटे चार-पाचला सुरुवात, रात्री नऊ-दहाला सुट्टी. हंगाम भरात आला की दिवसरात्र यंत्र चालू, आणि तेच हात, आठ-आठ दिवस. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, छपाईची चूक असेल. नव्हती. 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा या बायकांना लागूच नव्हता. वर्षात चार महिन्यांपेक्षा जास्त चालणारा आणि शंभर किंवा त्याहून जास्त माणसं असणारा कारखाना, तोच कायद्याच्या भाषेत कारखाना. जीन हंगामी, म्हणून सुटलं.

पुढं 1925 मध्ये खास जिनिंग-प्रेसिंगसाठी कायदा झाला. मी तो मोठ्या आशेनं पाहिला. त्याचा मुख्य भर गाठींवर कोणत्या कारखान्याची खूण हवी, भेसळ कशी रोखायची, नोंदी कशा ठेवायच्या यावर. रुई शुद्ध राहावी याची काळजी होती, कारण ती परदेशी जायची. ती रुई हाताळणाऱ्या बाईच्या श्वासाची शुद्धता त्यात शोधून सापडत नाही. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात मात्र धूळ आणि धूर यांवर स्वतंत्र कलम होतं. धूळ जिथं निर्माण होते तिथंच ती ओढून घेण्याची सोय मालकानं करायची, असं ते सांगायचं. कलम वाचून मी मायला विचारलं, "तुमच्याकडं धूळ ओढणारा पंखा होता का?" ती म्हणाली, "व्हता ना. सायेब येणार असला का चालू करत."

आणि त्या धुळीच्या रोगाला नाव आहे. बिसिनोसिस. कापसाची, फ्लॅक्सची (जवसाच्या धाग्याची), हेम्पची धूळ रोज हुंगणाऱ्यांना होणारा छातीचा रोग. 1700 साली इटलीत रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात फ्लॅक्स आणि हेम्प विंचरणाऱ्यांचा खोकला आणि दमा नोंदलेला आहे. या रोगाची एक चमत्कारिक खूण आहे. सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. विलायतेतल्या गिरण्यांमध्ये ती सोमवारची तक्रार म्हणून प्रसिद्ध होती. मायचा सोमवार वर्षातून एकदाच यायचा, हंगामाच्या पहिल्या आठवड्यात. ती घरी येऊन भिंतीला टेकून बसायची. "हंगाम लागला," असं म्हणायची. आम्हाला वाटायचं, काम सुरू झालं असं म्हणते आहे. 'लागला' हा शब्द ऊन लागतं, थंडी लागते, तसा होता. बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा आणि त्यावरच्या जिवाणूंचं विष हे त्याचं मुख्य कारण मानतात. मुंबईत केईएमच्या डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांमध्ये या रोगाचा अभ्यास केला. फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ज्या रोगांची खबर डॉक्टरनं सरकारला द्यायलाच हवी होती त्यांत बिसिनोसिस होता.

मायला आम्ही जळगावातल्या एका दवाखान्यात नेलं होतं, ती सत्तरीच्या पुढं असताना. नळीत फुंकायला लावलं. तीन वेळा फुंकून ती दमली. तरुण डॉक्टरनं विचारलं, बिडी ओढता का? नाही. चुलीवर स्वयंपाक केला का? केला, पऱ्हाट्या जाळून जन्म गेला. बस्स, त्यानं कागदावर लिहिलं. जिनाचं त्यानं विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. चुलीचा धूर खरा होताच. पण बघा ना, शेतातली पऱ्हाटी चुलीतून छातीत गेली आणि तिचाच कापूस जिनातून. दोन्ही वाटांनी तेच झाड.

फडकं बांधणारी माय काही एकटी नव्हती. गावोगाव फिरणारा पिंजारी आठवतो का? खांद्यावर पिंजण, तिच्या तातीचा टणत्कार गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा. गाद्या उसवून ओट्यावर ढीग घातला की तो आधी दस्ती नाकाला बांधायचा आणि मग तात छेडायचा. आम्ही पोरं त्याला डाकू म्हणायचो. खळ्यावर धान्य उफणणारा बाप्या धोतराचा सोगा किंवा बागायती रुमाल तोंडाला गुंडाळायचा. डाळ मिलमधल्या बायकांचंही तेच. चुन्याच्या भट्टीवर, खडी फोडताना, मिरच्या कुटताना तेच. थंडीत डोक्या-कानांना टापर बांधायचं ते वेगळं. एवढ्या कामांत एक गोष्ट सारखी होती. कापड प्रत्येकानं घरून आणलेलं असायचं.

बैलाचं मात्र तसं नाही. मळणीच्या वेळी पात फिरताना धान्यात तोंड घालू नये, डवऱ्याला जुंपल्यावर उभ्या पिकाला तोंड लावू नये म्हणून दोरीची जाळी विणून त्याच्या तोंडाला बांधतात, ते मुसकं. ते मालकाच्या खर्चानं येतं. माझे आजोबा पोळ्याच्या आधी स्वतः विणायचे. म्हणजे वाचवायचं असतं ते धान्य. माय म्हणाली त्यात नेमका हा हिशेब होता.

तिसरं एक कापड आमच्या जळगावात फार ओळखीचं आहे आणि त्याची दिशाच उलटी आहे. स्थानकवासी जैन साधू-साध्वींची मुंहपत्ती. पांढऱ्या कापडाची आठ पदरी घडी, दोऱ्यानं कानाला बांधलेली. लोंकाशहांच्या विचारातून निघालेल्या या परंपरेत ती कायम बांधून ठेवायची रीत सतराव्या शतकापासून आहे. चातुर्मासात एकदा मायनं एका महासतीजींना सरळ विचारलं होतं, "यातून धूळ येते का हो?" महासतीजी हसल्या. म्हणाल्या, हे माझ्यासाठी नाही, माझ्या श्वासानं हवेतल्या जिवांना इजा होऊ नये म्हणून आहे. माय घरी येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "हवेले आपल्यापासून वाचवाचं. असं बी असते."

गंमत म्हणजे 1897 मध्ये युरोपात शस्त्रक्रियेच्या टेबलाशी जो मास्क आला, त्याचंही तत्त्व हेच होतं. ब्रेस्लाऊत मिकुलिच आणि पॅरिसमध्ये बर्जे या सर्जनांनी तोंडावर जाळीचं कापड बांधलं, ते स्वतःसाठी नव्हे तर रुग्णाच्या जखमेत आपली थुंकी पडू नये म्हणून. माणसानं स्वतःच्या फुप्फुसासाठी मास्क बांधायचा ही वाट वेगळी, आणि तिच्यावर एक माणूस आपल्या देशातून गेलेला दिसतो. ज्युलियस जेफ्रीस. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर, उत्तर हिंदुस्थानात नोकरी करून विलायतेला परतला. बहिणीला क्षय होता. तिच्यासाठी त्यानं 1836 मध्ये बारीक धातूच्या तारांची जाळी थरावर थर बसवून तोंडाला लावायचं साधन केलं. सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल तारा धरून ठेवायच्या आणि आत येणारी थंड हवा कोमट व्हायची. त्याला त्यानं 'रेस्पिरेटर' म्हटलं. लंडनच्या थंड धुक्यात ते चांगलं खपलं. कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या शहरात पैसेवाल्यांनी नाक झाकायची सोय विकत घेतली. पुढं 1952 च्या डिसेंबरात त्याच लंडनमध्ये पाच दिवस धुरकं बसलं आणि तेव्हाच्या अंदाजानं 4000 माणसं गेली. नंतरचा हिशेब 12000 पर्यंत जातो. त्यानंतरच्या हिवाळ्यात छातीच्या रुग्णांना तिथले डॉक्टर चिठ्ठीवर मास्क लिहून देऊ लागले. चार वर्षांनी, 1956 मध्ये, स्वच्छ हवेचा कायदा झाला. मास्क आधी, कायदा नंतर, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

1910-11 मध्ये मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. डॉ. वू लिएन-तेह यांनी सुती जाळीत रुई घालून केलेला मास्क सर्वांना बांधायला लावला. मेस्नी नावाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी तो बांधला नाही आणि ते त्याच साथीत गेले. आज आपण कानाला अडकवतो त्या मास्कच्या कुळातला हा थोर पूर्वज. त्याच्या पोटात रुई होती, हे कापसाच्या मुलखातल्या मला वाचून बरं वाटलं.

पिंप्राळ्याकडे परत येते.

आमच्या फाटकावर रोजचा धूर होता. मी शाळेत असताना सुरत लाइनवर वाफेची इंजिनं होती. भुसावळ जवळ, त्यामुळे गाड्यांना तोटा नव्हता. फाटक पडलं की आम्ही पोरी ओढणी डोळ्यांवर धरायचो, नाकावर नाही. कोळशाचा कण डोळ्यात गेला तर दिवसभर चुरचुरतो, हे कळत होतं. नाकातून गेलेला कण चुरचुरत नाही, म्हणून त्याची कोणाला पर्वा नव्हती. नंतर इंजिनं बदलली आणि धूर रुळावरून रस्त्यावर आला. फाटकाशी ट्रक, रिक्षा, मोटारसायकली पंधरा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभ्या. बंद केलं तर पुन्हा सुरू होईल की नाही ही भीती, आणि फाटक उघडताच पहिलं कोण निघतं याची घाई.

नव्वदच्या दशकात पोरींच्या हाती स्कूटी आली आणि मायचं फडकं निराळ्या रूपात परत आलं. त्याला स्कार्फ म्हणू लागले. मीही 1998 मध्ये लूना विकून स्कूटी घेतली, तेव्हा माझ्या विद्यार्थिनींनी मला तो बांधायला शिकवला. कपाळावरून, कानांवरून, एक टोक नाकावरून फिरवून मागे खोचायचं. डोळे तेवढे उघडे, त्यावर गॉगल. गाठीची पद्धत पाहिली आणि हात थांबला. हनुवटीखालून फिरवलेली दुसरी गाठ सोडली तर बाकी सगळं मायचंच होतं. लोक म्हणायचे, पोरी गोऱ्या राहायला बांधतात. काही त्यासाठी बांधत असतीलही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो त्या गावात उन्हाला तोंड लपवलं तर बिघडलं कुठं? काही ओळख लपवायला बांधत, तेही ठाऊक आहे, मी शिक्षिका होते. पण धुळीचं कारण पहिलं होतं. बँकेच्या दारावर पाटी असायची: 'चेहरा झाकून आत येऊ नये.' 2020 मध्ये त्याच दारावर, त्याच खिळ्याला दुसरी पाटी लागली: 'मास्कशिवाय प्रवेश नाही.' मी दोन्ही पाट्यांचा मान राखला.

आमची धूळ कापसाच्याच मातीची आहे. काळी रेगड. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर केलेला रस्ता टिकत नाही. रस्ता खचला की खडी उघडी पडते, साइडपट्टीची माती वर येते, ट्रकच्या चाकाखाली तिची पिठी होते. मधे काही वर्षं शहरात नळांसाठी आणि गटारींसाठी रस्ते खोदून ठेवले होते. कोणी, का आणि किती दिवस, यात मी पडत नाही, जळगावकराला सांगायची गरज नाही. माझ्या घरात दुपारी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता यायचं.

केंद्र सरकारनं जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. देशातली जी शहरं हवेच्या मानकात बसत नाहीत त्यांची यादी केली. महाराष्ट्रातल्या मुंबई, पुणे, नागपूर, चंद्रपूर या अपेक्षित नावांबरोबर त्यात जळगाव आहे. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक धुळीचं वर्षाचं सरासरी प्रमाण घनमीटरमागे 60 मायक्रोग्रॅमच्या आत हवं, असं 2009 चं मानक सांगतं. ते मोजायला बी. जे. मार्केट, गिरणा टाकी आणि एमआयडीसी इथं यंत्रं बसवलेली आहेत. हातानं चालवायची यंत्रं आठवड्यातून दोन दिवस मोजतात, म्हणजे वर्षाला 104 वेळा. माय वर्षातले दीडशे दिवस मोजायची, फडक्यावरच्या ठिपक्यांनी.

आता कापडाचं खरं सांगायला हवं, कारण इथं आपली फसगत होते. कापसाचा एक तंतू साधारण 12 ते 20 मायक्रॉन जाड असतो. विणलेल्या कापडात दोन धाग्यांमधली फट त्याहून कितीतरी मोठी. रुई, माती, भुसा असले भरड कण फडक्यात आणि स्कार्फमध्ये अडकतात, म्हणून ते बांधल्यावर बरं वाटतं. डिझेलच्या धुरातला कण अडीच मायक्रॉनहूनही बराच लहान. तो फटीतून जातो, नाकाच्या दोन्ही बाजूंनी जातो, आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी बसतो. एन-95 चं काम वेगळं आहे. त्याच्या मधल्या थरातले प्लास्टिकचे तंतू फार बारीक असतात आणि त्यांच्यावर विजेचा भार दिलेला असतो, कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तसा कण तंतूला चिकटतो. 0.3 मायक्रॉनचे 100 कण आले तर किमान 95 अडावेत, हा त्या आकड्याचा अर्थ. आपल्याकडं त्यासाठी आयएस 9473 हे मानक आहे, मास्कवर छापलेलं पाहून घ्यावं. साबणानं धुतला की भार जातो आणि उरतं नुसतं फडकं. 2020 मध्ये आमच्या गल्लीत दोरीवर वाळत घातलेले एन-95 मी पाहिले आहेत. सवय होती आपल्याला, फडकं धुवायची.

कोरोनाच्या त्या दोन वर्षांत मास्क न बांधल्याबद्दल दंड झाला. साथ होती, दंड योग्यच होता. पण मला राहून राहून नवल वाटतं. रोगासाठी तोंड झाकायचा हुकूम काही आठवड्यांत देशभर पोचला. धुळीसाठीचा हुकूम 1948 पासून पुस्तकात आहे.

माय 2022 मध्ये गेली. शेवटच्या वर्षी ऑक्सिजनचा मास्क बांधायचे, पारदर्शक, हिरव्या रबराचा. पहिल्यांदा बांधला तेव्हा तिनं माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच विचारलं, हे कोणाचं? मी म्हटलं, दवाखान्याचं आहे माय, आपण नाही आणलं. तिनं मान हलवली.

गेल्या हंगामात मी एका जिनिंगच्या फाटकाबाहेर संध्याकाळी उभी राहिले. नाव सांगत नाही, दुसऱ्या कोणत्याही जिनासमोर उभी राहिले असते तरी फरक पडला नसता. पाळी सुटली. बाहेर पडणाऱ्या बायका मोजल्या, एकोणीस होत्या. एकीचा जुना ब्लाउजपीस, दोघींच्या ओढण्या, एकीचा नवऱ्याचा रुमाल, बाकीच्यांची साडीची फडकी. एकोणीसही कापडं घरची. एकीला थांबवून तिचं फडकं उलटं करून दाखवायला सांगितलं. ती लाजली, पण दाखवलं. दोन ठिपके होते.

म्हणून जीन आणि डाळ मिलच्या मालकांना माझी विनंती आहे. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, किलोला 81 रुपये. तेवढ्यात बऱ्यापैकी एन-95 येतो. मुहूर्ताच्या दिवशी काट्याला हार घालता, त्याच दिवशी प्रत्येक बाईच्या हातात हंगामभर पुरतील इतके ठेवा. पुडा फोडून, कसा बांधायचा ते दाखवून ठेवा. फडकं त्या घरून आणतीलच, ते वरून बांधू द्या. पंखा साहेब नसतानाही चालू ठेवा. आणि छाती तपासायला डॉक्टर बोलवाल तेव्हा त्याला आधी सांगून ठेवा: 'बिडी ओढता का' हे नंतर विचार, आधी विचार की जिनात किती हंगाम काढले.